सहा फुटांवरून

नकाशांच्या कचेरीत तिला सगळे ‘पट्टी’ म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांनी योजलेल्या इमारतींचे नकाशे काढले आणि त्या बावीस वर्षांत तिच्या कागदावरचं एकही दार चुकीच्या बाजूला उघडलं नाही. साहेबाने जिन्याची एखादी पायरी खाल्ली की तिला ते दुरून दिसायचं. दिसलं की ती सांगायची, आणि सांगायची ती चारचौघांत, आवाज जराही न उतरवता. त्यामुळे तिचं काम सगळ्यांना हवं असायचं, ती मात्र कोणालाच नको असायची. नकाशाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत नाव साहेबाचं. खाली ‘रेखाटन’ या शब्दापुढे तिची दोन आद्याक्षरं, तीही एवढीशी की शोधायला चष्मा लागावा.

कचेरी बंद पडली तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तिने माळ्यावर टाकलं आणि स्वतःसाठी चित्रं काढायचा टॅबलेट आणला: काचेची पाटी आणि सोबत एक पांढरी लेखणी. नवरा कामाला गेला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाटी मांडून ती बसायची आणि मुंग्या काढायची. मुंग्याच का, ते विचारू नका. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, त्याला “तुम्हाला चावतायत का?” एवढंच उत्तर मिळालं. पण मुंग्या बघण्यासारख्या होत्या. एक गादी डोक्यावर घेऊन जिना चढतेय, एक आरशात बघून मिशा पिळतेय, दोघी एका शेंगदाण्यावरून हमरीतुमरीवर आल्यात. प्रत्येकीचा चेहरा वेगळा. आयुष्यभर सरळ रेघांत कोंडलेली बाई शेवटी वाकड्या रेघा काढायला लागली आणि, मला विचाराल तर, त्याच तिच्या खऱ्या रेघा होत्या.

आता तिची नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, तिचा स्वतःचा छापखाना. दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरचे मोठे फलक, कापडी बॅनर, सगळं तिथून निघायचं. बाई हुशार, कामाला वाघ, आणि जिभेला हाड नाही. छापखान्यातले लोक तिला ‘तीनशे’ म्हणायचे, कारण कोणीही चित्र घेऊन आलं की तिचा पहिला शब्द तोच असायचा. एका इंचात तीनशे ठिपके असले की छपाई कोरीव येते; कमी असले की चित्र विरतं. शंभरातल्या नव्याण्णव गिऱ्हाइकांना हे ठाऊक नसतं, आणि त्या नव्याण्णवांना ते नको तितक्या मोठ्या आवाजात ऐकवण्यात नणंदेच्या आयुष्याचा बराचसा आनंद साठलेला होता.

दोघींचं वैर सतरा वर्षांचं आणि चांगलं पोसलेलं. सासऱ्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला हिने त्यांचं पेन्सिलचित्र काढलं होतं. नणंदेने ते हातभर लांब धरलं आणि म्हणाली, “छान आहे. फोटो मोठा करून आणला असता तरी चाललं असतं.” घर हसलं. सासरेही हसले. दोन वर्षांनी छापखाना उघडला, तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत मान तिरकी करून भावजय म्हणाली, “ताई, पाटी डावीकडे बोटभर उतरलीय.” ती खरोखरच उतरली होती, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलायच्या त्या नवऱ्यामार्फत. तो बिचारा विमा कचेरीतला कारकून, भांडणाची चाहूल लागली की चष्मा पुसायला घेणारा. सतरा वर्षांत त्याच्या चष्म्याइतक्या स्वच्छ काचा शहरात कोणाच्या नसतील.

अशात वाचनालयाने नवं बालदालन बांधलं. एक अख्खी भिंत मोकळी ठेवली, बारा फूट रुंद, आठ फूट उंच. ग्रंथपालबाई जुन्या ओळखीच्या. त्यांनी पट्टीच्या मुंग्या पाहिल्या होत्या. “भिंत तुमची,” त्या म्हणाल्या. “जमिनीखालचं मुंग्यांचं शहर काढा. खाली उजवीकडे तुमचं पूर्ण नाव घालू.” ती ‘बघते’ म्हणाली आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली. पूर्ण नाव. भिंतीवर. पोरं रोज बघणार. आयुष्यात तिला दुसरं काही नको होतं, आणि हे आपल्याला एवढं हवंय याचाच तिला राग आला.

चार महिने खपून तिने ते शहर उभं केलं. चारशे अकरा मुंग्या. मग ग्रंथपालबाई म्हणाल्या, “छपाई तुमच्या नणंदेकडेच आहे हां. आमचं सगळं तिथेच होतं.”

छापखान्याच्या गल्ल्यापाशी तीन गिऱ्हाइकं थांबलेली. नणंदेने चित्र संगणकावर उघडलं आणि विचारलं, “साईज काय घेतलीस?”

“तीनशेवर आहे,” ती ताठ मानेने म्हणाली.

“मी साईज विचारतेय.”

इथे सांगायला हवं की काय झालं होतं. पहिल्या दिवशी कोरा कॅनव्हास उघडताना टॅबलेटने माप विचारलं, तेव्हा तिने चोवीसशे ठिपके रुंद आणि सोळाशे उंच असं घेतलं होतं. लहान कॅनव्हासवर लेयर भरपूर मिळतात. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. मुंग्या एकावर, बोगदे दुसऱ्यावर, सावल्या तिसऱ्यावर. जेवढा कॅनव्हास मोठा, तेवढे कागद कमी. तिला कागद हवे होते. आणि नणंद ‘तीनशे’ म्हणणार हे माहीत असल्यामुळे चित्र पुरं झाल्यावर तिने रिझोल्यूशनच्या, म्हणजे इंचामागे ठिपके किती त्याच्या, चौकटीतलं बहात्तर खोडून तीनशे लिहिलं. ठिपके होते तेवढेच राहिले. बदलला तो फक्त आकडा.

“आकडा लिहिल्याने ठिपके वाढत नसतात,” नणंद म्हणाली आणि गिऱ्हाइकांकडे वळली. “ही आमची भावजय बरं का. तीनशेने छापलं तर हिचं चित्र आठ इंच भरेल. वहीचं पान! आणि निघालीय बारा फुटांची भिंत झाकायला.” तिने चित्र भिंतीच्या मापाला ताणून दाखवलं. पडद्यावर तपकिरी चौकोन आले. “इंचाला सोळा ठिपके. आता ह्याला मुंगी म्हणायचं की ठिगळ?”

एक गिऱ्हाईक हसलं. पट्टीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. चूक तिची होती, हे तिला त्या क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. नकाशाखालचं प्रमाण खोडून दुसरं लिहिलं म्हणून घर मोठं होत नाही, हे ती नवशिक्यांना दरडावून शिकवत आली होती. “मग कसं करू?” हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. सोपे तीन शब्द. ते तिने गिळले.

“तीनशेवर आण. बारा बाय आठ,” नणंद म्हणाली. “मग छापते.”

घरी येऊन तिने गणित मांडलं. बारा फूट म्हणजे एकशे चव्वेचाळीस इंच, गुणिले तीनशे, त्रेचाळीस हजार दोनशे ठिपके रुंदीला. टॅबलेटने एवढा कॅनव्हास उघडायलाच नकार दिला. निम्मा करून पाहिला, तर एकच लेयर मिळत होता आणि रेघ ओढली की ती दिसेपर्यंत चहा पिऊन यावा. “हे होणारच नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुमच्या बहिणीला ते माहीत आहे. मुद्दाम सांगितलंय.”

“विचारून बघ ना तिला एकदा,” नवरा म्हणाला.

“मी? तिला?”

नवऱ्याने चष्मा काढला.

पुढच्याच आठवड्यात बसथांब्यामागे नणंदेच्या छापखान्याचा एक फलक लागला. दंतमंजनाची जाहिरात, हसणारी बाई. रस्त्यापलीकडून बाईचा दातन्‌दात मोजता येत होता. पट्टी रस्ता ओलांडून फलकाला जाऊन भिडली. जवळून बघते तो दातांच्या जागी मोहरीएवढे ठिपके, लांब लांब पेरलेले. इंचाला तीनशे? छे! तिने तिथूनच छापखान्यात फोन लावला आणि यंत्रावरच्या माणसाला गाठलं. तो भाबडा, त्याला घरच्या राजकारणाचा गंध नाही. “ते फलक होय? ते पस्तीसवर असतात बाई. चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी. लांबून बघायचं असतं ना, कोण जवळ जातंय?”

तिला हवं होतं ते मिळालं. त्या रात्रीपासून तिने जे मिळेल ते वाचून काढलं. सगळीकडे एकच होतं: चित्र जेवढं लांबून बघायचं, तेवढे ठिपके कमी पुरतात. तीनशे हे हातात धरून वाचायच्या पुस्तकासाठी. भिंतीला नव्हे. म्हणजे ताईंनी हे माहीत असून तिला गिऱ्हाइकांसमोर हिणवलं होतं. एखादी बाई दुखावली असती. ही खूश झाली. सतरा वर्षांत पहिल्यांदा हातात पक्का पुरावा होता.

ती भर दुपारी, गल्ल्यावर गर्दी बघूनच छापखान्यात गेली.

“ताई, तुमचे फलक कितीवर छापता हो?”

नणंदेने वर पाहिलं नाही. “कामाचं बोल.”

“पस्तीसवर छापता. आणि माझ्याकडे तीनशे मागता. का? भावजयीला वेगळा कायदा?”

“ते रस्त्यावरचं काम. हे वेगळं.”

“काय वेगळं? सांगा ना सगळ्यांना. काय वेगळं आहे?”

आता नणंदेने वर पाहिलं. क्षणभर वाटलं, ती काही सांगेल. तिचं तोंड उघडलंही होतं. मग तिने भावजयीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, त्यावरची ती जिंकल्याची तकाकी पाहिली, आणि ओठ मिटले.

“तुला कळत नसेल तर मी काय इथे शाळा उघडू?” ती म्हणाली. “तीनशे आणलंस तर छापेन. नाहीतर दार तिकडे आहे.”

“दार मला दिसतंय. नीट बसवलेलं नाही तेही,” पट्टी म्हणाली आणि निघाली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक छापखाना होता. तिथला मालक कशालाही ‘होऊन जाईल’ म्हणायचा. त्याला पंचाहत्तरवर चालेल का विचारलं. होऊन जाईल. दहा हजार आठशे ठिपके रुंदीला, चालेल? होऊन जाईल. एवढ्या मापाचा कॅनव्हास टॅबलेटने उघडला, वर सहा लेयरही दिले. पण आंधळेपणाने उडी मारणारी ती नव्हे. तिने दोन मुंग्या पंचाहत्तरवर काढून कागदावर छापून आणल्या, बालदालनातल्या कोऱ्या भिंतीवर टाचल्या आणि मापाची फीत घेऊन मागे सरकत गेली. चार फुटांवर थोडं मऊ वाटलं. पाच फुटांवर बरं. सहा फुटांवर मिशीचा केस न्‌ केस सुटा दिसत होता. तिथे जमिनीवर तिने खडूने खूण केली आणि ग्रंथपालबाईंना खुणेवर उभं केलं.

“किती सुरेख!” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

नवऱ्यालाही आणून उभं केलं. तो म्हणाला, “कडक.” शाळेची पाहणी करणारे एक अधिकारी सहज आले होते, त्यांनाही तिथेच उभं केलं. त्यांनी मान डोलावली. तिघंही साडेपाच फुटांची, धडधाकट, शहाणी माणसं. तिघांपैकी एकानेही खुणेच्या पुढे पाऊल टाकलं नाही. कशाला टाकतील? मोठी माणसं चित्रापुढे हात मागे बांधून उभी राहतात.

पाच आठवड्यांत तिने चारशे अकरा मुंग्या पुन्हा काढल्या. मनगटाला फडकं बांधून, कोपर उशीवर टेकवून. बोटांनी चित्र ताणून ती एकेका मुंगीच्या डोळ्यात उतरायची. एवढं जवळ गेलं की डोळा म्हणजे तीन चौकोन आणि हसू म्हणजे पाच. ते तिला दिसत होतं. पण ओठ घट्ट आवळून ती स्वतःला सांगायची, सहा फुटांवरून कोण बघतंय. आणि कधीकधी त्याच आवळलेल्या ओठांनी म्हणायची, “तीनशे म्हणे!” खरं सांगायचं तर त्या पाच आठवड्यांत तिने मुंग्या कमी काढल्या आणि नणंदेचं नाक जास्त कापलं.

दालन उघडलं त्या दिवशी सकाळी दहालाच पोरांचा लोंढा आला. नवऱ्याने बहिणीला परस्पर बोलावलं होतं. ती मागे दाराशी, पर्स पोटाशी धरून उभी होती. पट्टी नवी साडी नेसून खुणेवर उभी. भिंतीवरचं शहर, खाली उजवीकडे तिचं पूर्ण नाव. ग्रंथपालबाईंनी फीत कापली.

पोरं खुणेवर थांबली नाहीत. पोरं कधी कुठल्या खुणेवर थांबतात? सगळी धावत सुटली आणि थेट भिंतीला जाऊन चिकटली. नाकं टेकवली, हात टेकवले, काही तर गुडघ्यांवर बसून खालच्या बोगद्यांत घुसली. चित्रच तसं होतं. बोगद्यात शिरून एकेक मुंगी शोधावी असंच तिने ते काढलं होतं.

“ही बघ, गादी घेऊन चाललीय!”

“गादी नाहीये ती. पुसलंय काहीतरी.”

“ह्या दोघी काय करतायत?”

“काय माहीत. सगळं असं धुरकट आहे.”

दोन वेण्यांची एक मुलगी भिंतीपाशीच मागे वळली आणि पट्टीला म्हणाली, “काकू, ह्या मुंग्यांना तोंडं का नाहीत?”

“आहेत की बाळा,” ती म्हणाली. “जरा लांबून बघ. इथे ये, इथून.”

मुलगी मुकाट्याने खुणेपर्यंत आली. तिथून तिने पाहिलं. “इथून मुंग्या खूप बारीक दिसतात,” ती म्हणाली. थोडा वेळ शहाण्यासारखी उभी राहिली आणि मग पुस्तकांच्या कपाटाकडे पळाली. हळूहळू बाकीचीही पांगली. पाव तासात भिंतीपाशी कोणी उरलं नाही. मोठी माणसं मात्र सहा फुटांवर उभी राहून वाहवा करत होती, आणि प्रत्येक वाहवा तिला चापटीसारखी लागत होती.

ती भिंतीजवळ गेली. साडी सावरून गुडघ्यांवर बसली. पोराच्या उंचीवर तिने स्वतःचं चित्र पहिल्यांदाच पाहिलं. चारशे अकरा मुंग्या आणि एकीलाही नजर नव्हती.

शेजारी चपला वाजल्या. नणंद कंबरेत वाकून, चष्मा कपाळावर ढकलून, नाक टेकवून बघत होती.

“पोरं जवळ येतात,” नणंद हळू आवाजात म्हणाली. गिऱ्हाइकांसमोर बोलायची तसा आवाज नव्हता. “पुस्तकाएवढं जवळ येतात. म्हणून तीनशे.”

“तीनशे त्या टॅबलेटवर मावतच नाही.”

“अख्खं नाही मावत. दोन-दोन फुटांचे चोवीस तुकडे करायचे. एकेक तुकडा सात हजार दोनशे ठिपके. आरामात मावतो. मग मी जोडून छापते.” ती सरळ झाली आणि कंबरेवर हात ठेवला. “मोठ्या इमारतींचे नकाशे तू असेच काढत होतीस ना? चार-चार कागदांवर?”

असेच काढत होती. बावीस वर्षं. कागदाला कागद जुळवायच्या खुणा करून.

“तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं,” ती म्हणाली.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

नणंदेने थोडा विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, एवढं तिच्या बाजूने म्हणावं लागेल.

“बोलले असते तर तू केलं असतंस,” ती म्हणाली. “आणि फार सुंदर झालं असतं.”

मग तिने चष्मा खाली ओढला, पर्स बगलेत मारली आणि भावाशी दोन शब्द बोलून निघून गेली. पट्टी खाली बसून राहिली. तिला ताईंचा द्वेष वाटला. पण त्या द्वेषावरही तिला धड टेकता येईना. कारण ताईंच्या जागी ती असती, तर तिनेही तोंड उघडलं नसतं, आणि घरी जाऊन दोन घास जास्त जेवली असती.